सबब विनंती की

घोडेगाव,
१९ जानेवारी

प्रिय हुदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू फुफीला म्हणशील, सोपानकाकांना झालंय तरी काय, पत्र काय पाठवतायत! घोडेगावाहून जुन्नर ते काय लांब. गाडीत बसलो असतो तर तासाभरात तुझ्या या आत्याच्या, चांदबीच्या दारात उभा राहिलो असतो. पण मी आलो असतो म्हणजे तू पाणी दिलं असतंस, बसा काका म्हणाली असतीस, आणि मी तोंड उघडायच्या आत जाऊ द्या ना काका म्हणून विषय मिटवला असतास. आणि मीही तो आनंदानं मिटू दिला असता. माझं मला ठाऊक आहे. फोनवर तर माझा निम्मा वेळ खोकण्यातच जातो. म्हणून कागद. एकच अट आहे, शेवटचं पान आधी वाचायचं नाही. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तू आधी शेवट वाचायचीस आणि मग सगळ्यांना सांगत सुटायचीस. या वेळी तसं करू नकोस, पोरी.

अर्जात विषय आधी लिहायचा असतो, तसा लिहितो. विषय : 'गाडी आली का?' हा ग्रुप बंद न करणेबाबत. येत्या एक तारखेला तू तो बंद करणार हे मी वाचलं. सगळ्या तालुक्यानं वाचलं. दोन ओळी लिहिल्यास, आजवर ज्यांनी आहुप्याच्या एसटीची खबर दिली त्यांचे आभार मानलेस, कोणाबद्दल अवाक्षर नाही. तुझ्या दुकानाचं शटर अकरा दिवस खाली आहे. लोक येतात, शटरवरचा कागद वाचतात आणि मग माझ्याकडं बघतात, जशी काही किल्ली माझ्याच खिशात आहे. काल डिंभ्याचा एक जण मला विचारत होता, आता गाडी कुठवर आलीय ते कोणाला विचारायचं? मी म्हटलं, रस्त्याला विचार. तुला माहीतच आहे, नीट उत्तर द्यायची लाज वाटली की मी असा वाकडा बोलतो. तुझा अब्बा दिलावर सांगत होता, पुण्याला कुठल्याशा कंपनीत तुला बोलावलंय. जायचं असेल तर खुशाल जा. तुझ्या हुशारीला घोडेगाव पुरणार नाही हे मी तू चौथीत असतानाच तुझ्या अब्बाला सांगितलं होतं. पण जाणं वेगळं आणि निघून जावं लागणं वेगळं.

कचेरीसमोरच्या चिंचेखालचे आमचे दिवस तुला आठवतात का ग? माझं अर्ज लिहायचं डेस्क आणि दिलावरचं टाइपरायटर, शेजारी शेजारी, एकतीस वर्षं. मी मजकूर सांगायचो, तो बडवायचा. शाळा सुटली की तू डेस्कखाली खोक्यावर बसायचीस आणि कार्बन पेपरनं दोन्ही हात काळे करून घ्यायचीस. प्रत्येक अर्जाचा शेवटचा परिच्छेद 'सबब' या शब्दानं सुरू व्हायचा. सबब विनंती की, दाखला मिळावा. सबब विनंती की, वारसाची नोंद व्हावी. तिथं 'म्हणून' लिहिलं तरी चाललं असतं, पण 'म्हणून' वाचून साहेबाला जाग येत नाही, असं माझं ठाम मत होतं. मी 'सबब' म्हटलं की अर्ज संपत आला हे दिलावरला कळायचं आणि तो बोटं न थांबवता ओरडायचा, चहा सांगा रे! हे तू रोज ऐकायचीस. पाच-सहा वर्षांची असशील, एकदा मी तुमच्या घरी आलो तर तू पुढं होऊन मला विचारलंस, काका, सबब घेणार का, साखर घातलीय. त्या दिवसापासून आपल्या दोन्ही घरांत चहाचं नाव सबब पडलं. माझी बायको, वैजयंती, कचेरीची पायरी कधी चढली नाही, पण तीसुद्धा सकाळी सबब झालीय म्हणून हाक मारायची.

आणखी एक तुला आठवत असेल. माझ्या डेस्कवर निनावी अर्ज लिहून मिळत नव्हता. येणारे यायचे. नाव टाकू नका, बाकी सगळं लिवा, म्हणायचे. मी कागद घडी करून खिशात घालायचो. ज्याला बोलायचंय त्यानं तोंड दाखवून बोलावं. निनावी अर्ज साहेब एकदा वाचतात आणि टोपलीत टाकतात, पण ज्याच्याविरुद्ध तो असतो तो माणूस पुढं कित्येक वर्षं प्रत्येक शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतो, हा तर नाही, हा तर नाही. हे भाषण मी किती जणांना दिलं असेल त्याची गणतीच नाही. दिलावर वैतागायचा. म्हणायचा, सोपानराव, गिऱ्हाईक आहे, शाळेतलं पोर नाही.

आहुप्याच्या सरूबाईलाही मी तेच ऐकवलं होतं. दरड पडून रस्ता बंद झाला होता, पुढं रस्ता झाला, पण गाडी परत सुरू करा म्हणून कोणी मागणीच केली नव्हती. ती मागणी घेऊन ही बाई एकटी आली. पण म्हणाली, "नाव नका टाकू, भाऊ. तो जीपवाला मंग आमाला जीपमधी घेनार न्हाई." मी कागद घडी केला. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "लई ताठ हायेस," म्हणाली, आणि शाईच्या पॅडवर अंगठा असा दाबला की पॅडच उलटलं. तिच्या अंगठ्याखाली आठवड्याभरात बासष्ट सह्या नि अंगठे झाले. गाडी सुरू झाली. तो अर्ज दिलावरनं टाइप केला होता आणि त्याचा कार्बन तू लावला होतास, नऊ वर्षांची होतीस. तुझा ग्रुप ज्या गाडीची वाट बघतो ती हीच गाडी. म्हणून मी त्या ग्रुपाला मनातल्या मनात माझाच समजत होतो, आणि तिथंच माझं बिघडलं.

मग टाइपरायटर गेलं, पाठोपाठ अर्ज गेले. सगळं ऑनलाइन झालं आणि तू आमच्याच चिंचेसमोर फॉर्म भरायचं दुकान टाकलंस. दिलावर डोळ्यांमुळं घरी बसला. मी मात्र डेस्क हलवलं नाही. मला वाटलं, लोकांना वळण आहे, येतील. ज्यांचे बाप माझ्या डेस्कला टेकून उभे राहिले ते मला विचारायचे, "काका, हुदाताई हायेत का आत?" मी हो म्हणायचो आणि आतून जळायचो. तू मात्र फॉर्म भरताना अडलीस की उठून माझ्याकडं यायचीस, काका, इथं 'नातू' लिहायचं की 'वारस', म्हणून. तुला खरंच अडायचं की माझा मान ठेवायला यायचीस हे मी कधी विचारलं नाही. भीतीच वाटायची उत्तराची.

ग्रुप काढलास तेव्हा सगळ्यात वर एक वाक्य लिहून ठेवलंस. नाव आणि गाव सांगून आत या, समोर उभे असतो तर जेवढं बोललो असतो तेवढंच इथं बोलू. वाचून मी मिशीत हसलो. वाक्य माझंच होतं, तू फक्त त्यातला खडूसपणा काढून टाकला होतास. आणि काय चालला ग तो ग्रुप! शिनोली सोडली, डिंभ्याला दहा मिनिटं थांबली, पंक्चर आहे पण निघेल, एवढंच लिहायचं, खाली नाव, गाव. भांडण नाही, टोमणा नाही. स्टँडवर आलेल्या माणसाला विचारावं आणि त्यानं नीट सांगावं, तसं. वैजयंतीला मी मोठ्यानं वाचून दाखवायचो.

आता तो डिसेंबरातला दिवस. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं आणि मी खात्री न करता ठोकून दिलं, आहुपे गाडी आजपासून सहाला सुटेल, सोपान फलके, घोडेगाव. गाडी नेहमीसारखी पाच वीसला निघून गेली. दवाखान्यातून निघालेली सरूबाई माझ्या शब्दावर विसंबून बाजारात बसून राहिली आणि सहाला स्टँडवर आली. तू खाली लिहिलंस, काका, वेळ बदललेली नाही, पाच वीसच आहे. कृपया स्टँडवर खात्री करून लिहावे. सरूबाई आज आमच्याकडे मुक्कामाला आहेत, काळजी नसावी. काय चुकलं होतं त्यात? काहीच नाही. माझ्यामुळं अडकलेल्या म्हातारीला तू घरी नेलंस, गरम भाकरी घातलीस. आणि मला काय झोंबलं, तर 'कृपया'. काल कार्बन लावणारी पोर मला कृपया सांगते! खाली एकोणतीस जणांनी हसरी तोंडं चिकटवली होती. मी एकेक नाव उघडून बघितलं, त्यातल्या अकरा जणांचे अर्ज मी लिहिलेले होते. त्याच रागात मी ग्रुपमधून बाहेर पडलो. तू दोनदा विचारायला आलीस, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आता लेखणी अडखळतेय, पण लिहितो. सहा जानेवारीला ग्रुपात एक नवा माणूस आला. नाव सुभाष म्हातारबा भिसे, गाव येडगाव. तू नेहमीप्रमाणं विश्वास ठेवून त्याला आत घेतलंस, स्वागत केलंस. त्यानं संध्याकाळी लिहिलं की ही मुलगी स्वतः कधी आहुप्याला गेलेली नाही, दुकान चालावं म्हणून हिनं हे थोतांड काढलंय, म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म मुद्दाम चुकवते आणि त्यांना पुन्हा पुन्हा यायला लावते. सबब, अशा व्यक्तीवर कोणी विसंबू नये. हुदा, तो माणूस मी होतो. ते खातं दुसऱ्या नंबरवर मी काढलं, ते शब्द मी लिहिले, आणि त्यातला एकही शब्द खरा नाही. तू आहुप्याला किती वेळा गेलीस हे मला माहीत नाही का? देवराईतून येताना माझ्यासाठी हिरड्याची पिशवी कोण आणायचं?

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जेवणसुद्धा दोन घास जास्त गेलं. दुसऱ्या दिवशी बाकीचे आले. त्यांनाही खरं नाव नव्हतं, कोणाचं वाघाचं चित्र, कोणाचं नुसतंच तलवारीचं. तुझ्या दुकानापासून सुरुवात करून ते तुझ्या ओढणीवर आले, मग तुझ्या धर्मावर, मग तुम्ही मुळात इथले का असं विचारण्यावर. दिलावरला विचारलं हे, ज्यानं निम्म्या तालुक्याचे रहिवासी दाखल्यांचे अर्ज टाइप केले! मी बाहेरच्या बाकावर फोन घेऊन बसलो होतो. एक ओळ लिहून मला ते थांबवता आलं असतं. मी लिहिली नाही. ती घाण माझी नाही, मी फक्त फॉर्मांचं लिहिलं, असं मी चार दिवस घोकत होतो. कचेरीतल्या 'सबब'चा अर्थ वेगळा आणि घरातल्याचा वेगळा, हे तुला मीच शिकवलं होतं. घरात आपण बहाण्याला सबब म्हणतो. तर ही माझी सबब होती.

या गुरुवारी दिलावर नेहमीसारखा काठी टेकत माझ्या डेस्कशी येऊन बसला होता. तेवढ्यात पन्नाशीचा एक बारीक माणूस आला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊ, वळखलं का? म्या येडगावचा सुभाष भिसे. तुमी माझं नाव दुरुस्त करून दिलं व्हतं." मला वाटलं होतं ते नाव मी मनानं रचलं. कुठलं रचतोय! बारा वर्षांपूर्वी याच माणसाच्या आमच्या तालुक्यातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सुभाषचं सुहास झालं होतं, आणि ते नीट करायला तो दोन वर्षं येडगावाहून हेलपाटे घालत होता. त्याचे सगळे अर्ज मी लिहिले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहून माझ्या डोक्यात नावांचा असा ढीग साचलाय की खोटं नाव काढायला हात घातला तर खऱ्या माणसाचंच हाताला लागलं.

त्याच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. ग्रुप म्हणजे काय हेही त्याला धड माहीत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन गेला तर एकानं चारचौघांत विचारलं, काय राव, पोरीबाळींना शिव्या देता का? त्याची लेक श्रेया दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तो मला म्हणाला, "त्या हुदाताईंचाच मला फोन आला व्हता. म्हनल्या, तुमी लिवलेलं न्हाई हे मला ठाव हाय, तसं म्या समद्यांना सांगते. म्या इचारलं, मंग कुनी लिवलं? तर काईच बोलल्या न्हाईत." तू सांगितलंसही. हे सुभाष भिसे यांचं नाही, असं लिहिलंस. त्यावर शंभर जण विचारायला लागले, मग कोणाचं? शोधा त्याला. दुसऱ्या दिवशी तुझी ग्रुप बंद करण्याची सूचना आली. सुभाषला ते पुरेसं वाटत नव्हतं. त्याला पोलिसांत द्यायला अर्ज हवा होता, की हे मी लिहिलेलं नाही. आणि या तालुक्यात त्याचा विश्वास एकाच माणसावर होता.

मी लिहायला घेतलं. खोटं कशाला सांगू, अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं. शेवटच्या परिच्छेदाला 'सबब' लिहिलं आणि लेखणी तिथंच थांबली. दिलावरनं सुभाषला समोर चहा प्यायला पाठवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सोपानराव, ह्या तालुक्यात सबब लिवनारी दोनच मानसं उरलीत. येक मी. म्या तर न्हाई लिवलं." पुढं म्हणाला, "पोरगी शिव्या वाचून न्हाई रडली. ती त्या येका शब्दावर येऊन थांबली. फोन माझ्या हातात दिला, म्हनली अब्बा, हे वाचा. अन् मंग म्हनली, कुनाला सांगू नका." एवढं बोलून तो काठी घेऊन उठला. मी त्याला थांब म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? सुभाष परत आला तर मी त्याला अर्ज घरी आणून देतो असं सांगून बोळवलं. तेव्हासुद्धा मला धीर झाला नाही.

घरी येऊन वैजयंतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं विळी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, हुदाबद्दल? आपल्या हुदाबद्दल? दुसऱ्या दिवसापासून ती चहाला चहाच म्हणते.

शनिवारी मी येडगावला गेलो. मंचरला गाडी बदलली, नारायणगावला बदलली, आणि प्रत्येक वेळी परतीच्या गाडीकडं आधी बघितलं. सुभाषचं घर धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी अंगणातच उभं राहून सांगितलं, बसलो नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पन माझंच नाव का वो सुचलं?" मी म्हटलं, नीट लिहिलं होतं म्हणून ध्यानात राहिलं. तो आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो दुरुस्त झालेला उतारा घेऊन आला, अजून जपून ठेवलाय. "येक अक्षर नीट व्हायला दोन वरसं लागली, भाऊ. तुमी दोन मिंटात घान केलं." मग त्यानं श्रेयाला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाला, आता हिच्यासमोर सांगा. मी परत सगळं सांगितलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीपुढं हे सांगणं साहेबापुढं उभं राहण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. ती चिडली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "आजोबा, जिथं ते लिहिलं तिथंच हे लिहाल का?" मी हो म्हणालो. मला निघताना पाणी दिलं त्यांनी. चहाचं कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण तिथं लिहायला मला वाट नाही. ती सूचना दिल्यावर खोटं खातं तू काढून टाकलंस, आणि खऱ्या नावानं मी आधीच रागात निघून गेलो होतो. म्हणून हे पत्र लिहिलं, हुदा. शिव्यांना घाबरून तू ग्रुप बंद करत नाहीस, हे मला गुरुवारीच कळलं. लोक शोधत शोधत माझ्या दारापर्यंत येतील, म्हणून तू बंद करतेस. म्हाताऱ्याचं नाव झाकायला तू स्वतःचं दुकान, स्वतःचं गाव सोडायला निघालीस. असं करू नकोस ग. झाकण्यासारखं नाव मी ठेवलेलं नाही. या सगळ्या पानांचे फोटो काढ आणि ग्रुपवर टाक, माझी कीव करून एक ओळही गाळू नकोस, ती जळण्याची तर मुळीच नाही. लोक मला काय बोलायचं ते बोलतील, मी डेस्कवरच आहे, समोर येऊन बोलतील. सुभाषचं नाव पुसलं जाईल, श्रेया कॉलेजला जाईल. तू मला माफ करावंस असं मी मागत नाही, तो अर्ज लिहायला माझ्याकडं मजकूरच नाही. पुण्याला जायचं तर मान वर करून जा, राहायचं तर शटर उघड. सही तर करतोच, पण सरूबाईला मी जे करायला लावलं तेही आज केलंय, अंगठा लावलाय, शाई सांडली आहे तेवढी सांभाळून घे. सबब विनंती की, ग्रुप चालू ठेवण्यात यावा.

तुझाच,
सोपानकाका

सोपान किसन फलके
रा. घोडेगाव, ता. आंबेगाव
(सही व डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)

ता. क. आज आहुपे गाडी पाच वाजून बावीस मिनिटांनी सुटली. मी स्वतः स्टँडवर उभा राहून बघितली.